नाथाजी गुरुजींचं मानसशास्त्र

मी मानसशास्त्राचं एक पुस्तक बोलतोय. नाव भारी असलं तरी मी साधाच आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिलेला. १९७० साली साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयात शिकताना नाथाजीनं मला विकत घेतलं. तो म्हसवडजवळच्या एका खेड्यातला.

माझं एक पान त्याला फार आवडायचं. कुत्र्याला रोज घंटा वाजवून खायला दिलं, की काही दिवसांनी नुसत्या घंटेनंच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. दोन गोष्टी एकत्र येत गेल्या की मन त्यांची गाठ मारतं. याला 'अभिसंधान' म्हणतात. भीतीची गाठ तर कधी एकाच प्रसंगात बसते. नाथाजीनं या ओळींखाली लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या. परीक्षेत तोच प्रश्न आला आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

बहात्तरच्या दुष्काळात तो गावातच मास्तर होता. त्याचा थोरला भाऊ हिंदुराव पंधरा वर्षांची फौज संपवून परतला होता. लढाईत त्याच्या शेजारी तोफगोळा पडून दोन सोबती गेले होते. त्याबद्दल तो कधी बोलत नसे.

गावात सरकारी विहिरीचं काम निघालं. हिंदुराव तिथं मजुरीला जायचा. एका दुपारी आई, चंद्राबाई, त्याची भाकरी घेऊन गेली आणि तेवढ्यात खडकात सुरुंग उडाला. हिंदुरावनं झेप घेऊन आईला खाली पाडलं आणि तिच्या अंगावर पालथा पडला. म्हातारीचं मनगट मोडलं. कामावरची माणसं आधी घाबरली, मग हसली.

"फौजी भ्याला रं!" कुणीतरी ओरडलं. शाळा सुटून तिकडं आलेल्या नाथाजीनं ते ऐकलं.

घरी आल्यावर नाथाजीचा तोल गेला. "दादा, लाज आणलीस! बंदूक धरलीस का नुसतंच कपडं घातलंस? आईचा हात मोडलास."

"आवाज झाला. फुडचं मला ठावं न्हाई," हिंदुराव एवढंच बोलला.

"नाथा, गप ऱ्हा," आई कण्हत म्हणाली. "त्यानं मला झाकलं रं."

मी दोन हातांवर फळीवर होतो. कुणी मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ट्रंक उचलून हिंदुराव कुणाला न सांगता निघून गेला.

वर्षभरानं दहिवडीला नव्या शिक्षकांचं शिबिर होतं. तिथं नाथाजी मला उघडून शिकवत होता. लाल रेघांपाशी तो अडखळला.

"गुरुजी, पुढं?" एका बाईंनी विचारलं.

त्यानं घाईनं पानं उलटली, तर 'विस्थापन' आलं. साहेबाची बोलणी खाऊन आलेला माणूस घरी बायकोवर चिडतो. राग एकाचा, निघतो दुसऱ्यावर. नाथाजीला विहिरीवरचं हसू आठवलं असावं. हसणाऱ्यांना तो एक शब्द बोलला नव्हता. त्यानं तास तिथंच थांबवला.

त्यानंतर तो भावाला शोधत राहिला. शहात्तर साली पत्ता लागला. सांगलीत एका हळदीच्या वखारीवर हिंदुराव राखणदार होता. नाथाजी मला पिशवीत घालून गेला आणि लाल रेघांचं ते पान त्याच्यापुढं धरलं. हिंदुरावनं ओळींवरून बोट फिरवत दोनदा वाचलं.

"म्हंजी, माझ्यावानी आनखी हायती?"

"लय हायती, दादा. तू भित्रा न्हवतास. मला कळत हुतं, तरी मी बोललो. चूक माझी हाय. चल घरला."

हिंदुरावनं कडेचं एक हळदीचं पोतं सरळ केलं. मग म्हणाला, "आईचा हात बरा झाला का?"

आईला जाऊन वर्ष झालं होतं. नाथाजीच्या चेहऱ्यावरून हिंदुरावला ते कळलं. त्यानं मला मिटलं, परत दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मग आता कुणाकडं येऊ?"

तो आला नाही.

आज, एकोणऐंशी साली, मी नाथाजीच्या शाळेच्या कपाटात आहे. नवे मास्तर परीक्षेपुरतं मला नेतात. त्यांना मला एवढंच सांगायचं आहे: घरातलं कुणी आवाजाला दचकलं, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. मला नंतर उघडलंत तरी चालेल.