आजारी असं लिहा

घुबडाचा डावा डोळा दोऱ्यावर लोंबत होता. कापडी घुबड, वीतभर उंचीचं, पोटात वाळूसारखं काहीतरी भरलेलं, बैठकीच्या टेबलावर बरोबर मधोमध बसवलेलं. ज्याच्या हातात घुबड त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं तो कोलंबस शहराहून प्रशिक्षण द्यायला आलेला गुळगुळीत माणूस शिकवून गेला होता, आणि त्या दिवसापासून टोलीडोच्या या शाळेतली काळी पोरं आणि गोरे मास्तर एकमेकांना समजून घ्यायला लागणार होते... व्हर्लीन मेब्रीने तो डोळा चिमटीत धरून पाहिला. ओढला असता तर हातात आला असता. राहू दे, म्हणाली मनाशी, या शाळेत निदान एक डोळा तरी खाली वाकून बघतोय.

दोन वाजता बैठक. आत्ता पावणेदोन.

शाळेची मानसतज्ज्ञ म्हणून तिला सव्वीस वर्षं झाली होती. पोरांची डोकी तपासतेस तू, असं तिचा भाऊ चिडवायचा, तर ती म्हणायची, पोरांची डोकी धडधाकट असतात रे, बिघडलेली असतात ती मोठ्यांची, पण ती तपासायचा पगार मला देत नाहीत. समोर तक्रारीचा गुलाबी कागद होता. झकिया बिशप, वय तेरा, सातवी. खाली मिसेस नोवॅकचं मण्यांसारखं अक्षर— ‘बोलण्याचा सूर उद्धट. नजर धमकावणारी. मला वर्गात असुरक्षित वाटलं.’ नजर! पोरीने पाहिलं, तर बाईला असुरक्षित वाटलं. त्याच आठवड्यात, त्याच वर्गात, एका पिंगट केसांच्या पोराने फळ्यावर स्टेपलर फेकून मारला होता, आणि त्याच्या कागदावर याच बाईने लिहिलं होतं, ‘आज त्याचं काहीतरी बिनसलं होतं. आईशी फोनवर बोलले.’

ऑगस्टमध्ये हे सगळं तिने भिंतीवर तक्ते लावून दाखवलं होतं. गोऱ्या पोराची तक्रार होते ती सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीची, म्हणजे सिगारेट ओढली, काच फोडली, तास बुडवला. काळ्या पोराची होते ती फक्त मास्तरला दिसणाऱ्या गोष्टीची... सूर, नजर, माज. मास्तर मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग सँडविचवर तुटून पडले होते. आणि मिसेस नोवॅक ओल्या डोळ्यांनी तिचा हात धरून म्हणाली होती, “व्हर्लीन, खरं सांगू, मला तर रंग दिसतच नाही गं.”

दिसत नाही, मग निवडतेस कशी एवढं नेमकं, तांदळातले खडे निवडावेत तसं? हे ती म्हणाली नव्हती. थँक्यू म्हणाली होती. न बोललेलं असं सगळं तिने सव्वीस वर्षं पोटात जपून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचीच ऊब होती तिला. आपण काळं असून या गोऱ्या माणसांत राहायचं, यांच्याच हातची कॉफी प्यायची, आणि मनातल्या मनात एकेकाची सालं काढायची... चांगला दिवस जायचा.

डेल क्रेचमर आला. उपमुख्याध्यापक. पूर्वी फुटबॉल शिकवायचा, अजूनही खोलीत शिरताना समोरच्याला पाडायला आल्यासारखा शिरायचा.

“दहा मिनिटांत उरकू, व्हर्लीन. तीनला मला बसपाशी उभं राहायचंय.”

“हो, बसेस काय तुझ्यावाचून हलतात थोड्याच.”

तो हसला. कळलं नाही त्याला. कधीच कळत नाही.

मग बाप-लेक आले. कॉर्टेझ बिशप शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, कामावरून तसाच आला होता, हात मात्र घासून घासून धुतलेले. त्याच्या मागे झकिया, वेण्यांवर टोपी ओढलेली.

“मिस मेब्री, बसू का उभी राहू?” पोरीने विचारलं. “म्हणजे बसले तरी लिहितात, उभी राहिले तरी लिहितात, म्हणून विचारलं.”

“बस गप,” बाप म्हणाला.

क्रेचमरने घुबड त्याच्यापुढे सरकवलं. बिशपने ते पाहिलं, हळूच परत जागेवर ठेवलं. “हे न धरता बोललो तर चालेल ना? माझ्या हाताला सवय नाही बाहुल्यांची.”

व्हर्लीनला एवढं बरं वाटलं की विचारू नका.

क्रेचमरने कागद वाचला. या वर्षात झकियाला सात दिवस शाळेबाहेर ठेवलं. सोमवारपासून तिने नदीकाठच्या वेगळ्या शाळेत जायचं. ती शाळा सगळ्यांना ठाऊक होती. दारात झडती, आत रांगेने कॉम्प्युटर, शिकवायला कोणी नाही, आणि तिथे गेलेलं पोर परत आलेलं व्हर्लीनने दोनदाच पाहिलं होतं.

“सातच दिवस. दहाच्या आत आहोत आपण,” क्रेचमर म्हणाला.

त्या दहात सगळं होतं. झकियाच्या नावाने शाळेत खास योजना होती. वाचायची अडचण, पटकन येणारा राग, व्हर्लीननेच तपासून लिहिलेलं. अशा पोराला दहा दिवसांवर बाहेर ठेवलं, की कायद्याने सगळ्यांना आधी बसून ठरवावं लागतं, पोर वागलं ते अडचणीपायी का? तसं ठरलं, तर हाकलता येत नाही. आणि हिच्या बाबतीत तसंच ठरणार, हे या क्रेचमरलासुद्धा माहीत होतं.

व्हर्लीनने फाईल उघडली. सकाळीच तिने शाळेच्या ऑफिसच्या दर्शनी खिडकीतल्या वहीच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. पालक पोराला मधूनच घरी नेतात तेव्हा सही करायची ती वही. अकराला फोन जायचा, आज फार चिडलीय, घेऊन जा. बाप काम टाकून यायचा. चौदा वेळा. घरी पाठवलं म्हणजे बाहेर काढलंच, कायदा तेही धरतो. तिने कागद पत्ते टाकावेत तसे एकेक टाकले... काय सुख होतं त्यात!

“हे चौदा कुठे धरलेस, डेल?”

क्रेचमरने शांतपणे पाहिलं. एका रकान्यावर पेन टेकवलं. “कारण वाच ना. आजारी. बापाच्या अक्षरात, चौदाही वेळा. आजारपण मोजत नाहीत.” मग वळला. “मिस्टर बिशप, मुलगी आजारी होती?”

“नाही.”

“मग असं का लिहिलंत? कोणी सांगितलं?”

तो रकाना व्हर्लीनने वाचलाच नव्हता. सकाळी फक्त तारखा आणि वेळा मोजल्या, मोजताना क्रेचमरचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढे होतं... आणि आता ऑक्टोबर आठवला, नको असताना आठवला. ती खिडकी, हा माणूस पेन घेऊन अडलेला, आणि त्याच्या बाहीवर हात ठेवणारी मी. आजारी असं लिहा, मिस्टर बिशप. राग आला असं लिहिलंत, तर ती नोंद पोरीच्या मागे कॉलेजपर्यंत जाईल. मायेने म्हणाले होते. शहाणपणाने. आणि एकट्या त्यालाच नाही. किती जणांना? फोन ज्यांना जायचे त्यांना, म्हणजे सगळे काळेच. काळी पोरं बाहेर काढल्याचे आकडे कमी झाले म्हणून यंदा शाळेला गौरवाची एक पाटी मिळाली होती, त्या पाटीला ती पोट धरून हसली होती. ते आकडे कमी कोणी केले, बाई?

बिशप तिच्याकडे बघत होता.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “खिडकीपाशी कोणीतरी म्हणालं असेल.”

“डॅडी, तुम्हीच तर मला घरी सांगितलं होतंत की कोणी—”

“झकिया. गप.”

त्याच्या नजरेत राग असता तर तिने झेलला असता. राग नव्हता. होता तो एक जुना, सवयीचा सभ्यपणा— तुमच्याकडून दुसरं काय होणार, जाऊ द्या, तुमची लाज आम्हीच राखतो. ही नजर तिला आतून ठाऊक होती. सव्वीस वर्षं तीच नजर तर ती देत आली होती इथे, रोज, सगळ्यांना. समोरून कधी घेतली नव्हती. आपण त्याच्या बाजूला बसलोय असं तिला वाटत होतं. तो तिला टेबलापलीकडे बसवून मोकळा झाला होता, कधीचा, बहुतेक ऑक्टोबरपासूनच.

“व्हर्लीन? काही म्हणायचंय तुला?” क्रेचमर घड्याळ बघत म्हणाला.

बोलली तर चौदा दिवस धरले जातील, पोरगी राहील. मग बाकीच्या वह्याही निघतील, बाकीची पोरंही, आणि त्यांच्यासोबत तिचं नाव, तिचा परवाना. तिने मनात वाक्य जुळवलं. ‘त्या वेळच्या परिस्थितीत पालकांच्या हिताचा विचार करून...’ छे, हे तर क्रेचमरचं बोलणं. दुसरं जुळवलं, त्यात डोळे ओले व्हायचे होते— हे नोवॅकचं. तिसऱ्यात ती शहाणी ठरत होती, चौथ्यात बिचारी. एकेक वाक्य टाकत गेली तसं तिला दिसलं की खोलीतल्या कोणाचाही तिरस्कार करायला आत आता जागाच उरली नव्हती, आणि ती ऊब गेल्यावर मार्चमध्ये ही खोली एवढी गार असते, हे इतकी वर्षं तिला कळलंच नव्हतं. सगळं टाकून शेवटी दोनच शब्द उरले. मी सांगितलं. त्यात तिच्यासाठी काहीही नव्हतं. झकियाने टोपी मागे सारली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पोरीच्या त्या नजरेत व्हर्लीनला धमकीबिमकी काही दिसेना, पण भीती वाटली, खरीखुरी वाटली, आणि तोंडातले ते दोन शब्द तिने जिभेने दाताशी दाबून धरले.