समईशेजारचा फोन

मी एक जुना अँड्रॉइड फोन आहे, मित्रांनो. माझ्या मालकीणबाई गेल्या, ही बातमी लोकांना माझ्यातूनच कळली.

त्यांचं नाव इंद्रायणीबाई. चाकणजवळच्या आमच्या गावातून त्या कंपन्यांमधल्या पोरांना जेवणाचे डबे द्यायच्या. रोज सकाळी सातला मला तोंडाजवळ धरून त्या बासष्ट जणांच्या ग्रुपवर बोलायच्या, "आज मेथी आणि मुगाची आमटी. ज्याला नको त्यानं आठच्या आत सांगा. मागनं बोंबलू नका."

मागच्या श्रावणात एका सकाळी सात वाजले आणि हा निरोप गेला नाही. मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी पडून होतो. आठला पहिला मेसेज आला, "मावशी, आज भाजी काय?" मग दुसरा आला, "मावशी आज झोपल्या वाटतं." त्यापुढे हसरं तोंड होतं. मी थरथरत राहिलो. मला उचलायला घरात कोणी नव्हतं.

सव्वानऊला त्यांची मुलगी तनुजा आली. ती पिंपळे सौदागरला राहते. तिनं मला हातात घेतलं आणि ग्रुपवर लिहिलं, "आई पहाटे गेली. आज डबा नाही."

पहाटे त्यांच्या छातीत कळ आली होती. दवाखाना गाठेपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

आता थोडं मागचं सांगतो. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून मला रोहिदासबाबांनी विकत घेतलं. ते इंद्रायणीबाईंचे यजमान. एका कंपनीत मशीनच्या देखभालीचं काम करतात. त्यांच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आणि घरी बाईंकडे मी, अशी वाटणी झाली.

माझे कामाचे दिवस त्या स्वयंपाकघरात गेले. माझ्या कव्हरवर हळदीचा डाग पडला, तो कधी निघाला नाही. पण बाई रोज रात्री पदरानं माझी काच पुसायच्या.

त्या घरात ओट्याजवळ प्लग एकच होता. मिक्सरही त्यालाच लागायचा. मी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलो की बाई मला काढायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ बाबा आता, चटणी वाटायचीय." मला वाईट वाटायचं. आपलं पोट कधी पूर्ण भरू देत नाहीत, असं मनात यायचं. मित्रांनो, मला तेव्हा कळत नव्हतं. आमच्या बॅटरीला काठोकाठ भरून तसंच ठेवलं की ती लवकर म्हातारी होते. त्या मिक्सरमुळे माझी बॅटरी पाच वर्षं ठणठणीत राहिली. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी माझी काळजीच घेतली. हे उपकार मी विसरणार नाही.

एकदा डब्यावरून वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "मावशी, मी डबा नको म्हणून फोन केला होता." बाई म्हणाल्या, "कधी केला होतास रे?" तेव्हा तनुजानं माझ्यात एक सोय चालू करून दिली. प्रत्येक कॉल माझ्यात साठू लागला. पोरांचे कॉल साठले, तसे दुपारी साडेबाराला बाई रोहिदासबाबांना करायच्या तेही साठले. हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तेराव्यानंतर तनुजाला ते सापडले. त्या दोघांच्या बोलण्याचे तीनशे चाळीस कॉल होते. तिनं एक लावून बाबांना ऐकवला.

"अवो, जेवलात का?"

"आत्ता बसलोय. तू?"

"मी जेवते मागनं. चटणी खावा, काल तशीच परत आली."

"तू बरी हायस का? दम लागल्यावानी बोलतीस."

"बरी हाय. जिना चढून आले आत्ता. मला काय होतंय?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की ते एक कॉल ऐकायचे. एकच. जास्त ऐकले तर लवकर संपतील, असं ते म्हणायचे.

इथून माझ्यावर एक वेगळंच प्रेम सुरू झालं. बाबांनी मला बाईंच्या फोटोसमोर, समईशेजारी ठेवलं आणि चार्जरला लावलं. मग तो चार्जर काढलाच नाही. रात्रंदिवस मी शंभर टक्के. लाइट गेली की बाबांचा जीव खालीवर व्हायचा.

याला कारण होतं. त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारी मोठी मशीनं आहेत. त्यांच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. बाहेरची वीज गेली की मशीनची आठवण ती सांभाळते. एकदा ती बॅटरी मेली आणि त्याच दिवशी वीजही गेली. दुसऱ्या दिवशी ते मशीन सगळं विसरलं होतं. म्हणून तिथला नियम आहे, बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवूनच. पंचवीस वर्षं बाबांनी हा नियम पाळला. मग त्यांना वाटलं, फोनचंही तसंच असणार. मी एकदा बंद पडलो की इंद्राचं बोलणं पुसलं जाणार.

आठ महिने मी असा राहिलो. एका बाजूला चार्जरची ऊब, दुसऱ्या बाजूला समईची. मला आतून जड वाटू लागलं. कॉल ऐकून झाला तरी माझं अंग तापलेलंच असायचं. पण ते कोणाला सांगणार? मला बोलता येतं ते दुसऱ्याचंच.

एके रविवारी बाबा देव्हारा पुसत होते. त्यांनी मला उचलून पाटावर ठेवलं, तर मी भोवऱ्यासारखा गोल फिरलो. सपाट वस्तू अशी फिरत नाही, हे देखभालीच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी कपाटातली स्टीलची पट्टी काढली, माझ्या पाठीवर आडवी धरली आणि उजेडाकडे करून डोळा लावला. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. माझी पाठ मध्ये फुगली होती.

त्यांनी आपल्या बटणांच्या फोनवरून तनुजाला फोन लावला. ती म्हणाली, "आबा, आधी तो चार्जर काढा. बॅटरी फुगलीय. पेट घेते अशी बॅटरी."

"काढला तर बंद पडंल की गं."

"पडू दे. आत्ताच्या आत्ता दुकानात न्या."

बाबांनी चार्जर काढला. मला रुमालात गुंडाळलं आणि चाकणला आंबेठाण चौकाजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात आणलं.

दुकान प्रीतमचं होतं. तिशीतला माणूस. त्यानं रुमाल सोडला, कव्हरवरचा पिवळा डाग पाहिला आणि माझ्याकडे पाहतच राहिला. "हा मावशींचा फोन. काका, मी दोन वर्षं जेवलोय त्यांच्या हातचं. कंत्राटी कामावर होतो तेव्हा."

"मग नीट बघ," बाबा म्हणाले.

प्रीतमनं कॉल लावायच्या जागी काही चिन्हं आणि आकडे दाबले. माझ्या पडद्यावर माझीच माहिती उघडली. त्यात एक ओळ होती, बॅटरीची तब्येत चांगली.

"बघ. चांगली म्हणतोय," बाबांना हायसं वाटलं.

"काका, ह्या 'चांगली'वर जाऊ नका. ह्या घडीला फार ताप नाही, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी आतून किती झिजली ते त्यात येत नाही. काही नव्या फोनांत तेही सेटिंगमध्ये दिसतं. ह्या जुन्याला वापरूनच ताडावं लागतं." त्यानं माझ्यावरचा आकडा दाखवला. "घरून निघताना किती होता?"

"शंभर. अर्धा तासबी झाला न्हाई."

"आता एकसष्ट आहे. आणि पोट बघा केवढं आलंय. हिला आता चार्जिंग नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही. बदलायची. कुठं ठेवत होता?"

"समईपाशी."

बाबा माझ्या पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत होते. "तीबी असंच म्हणायची," ते म्हणाले. "कवाबी विचारा, बरी हाय."

थोड्या वेळानं त्यांनी अट घातली, "बदल. पण चालू ठेवून बदल."

"चालू ठेवून नाही बदलता येत."

"मग न्हाई बदलायची." त्यांनी मला उचललं आणि ते दाराकडे निघाले.

"अहो काका, थांबा. हे काय कंपनीतलं मशीन आहे का? ह्याची आठवण बॅटरीवर नसते. कागदावर लिहून ठेवल्यासारखी असते ती. दिवा गेला म्हणून कागदावरचं पुसतं का?"

"मी बघितलंय पुसलेलं."

प्रीतमनं डोकं खाजवलं. मग खालचा खण ओढला. त्यातून काच तडकलेला एक फोन काढला. त्याची पाठ उघडी होती आणि आतली बॅटरीची जागा रिकामी होती. "हा माझा. दोन वर्षं झाली, ह्यात बॅटरीच नाही. बसा."

त्यानं त्यात एक बॅटरी बसवली. बाबा उभेच राहिले. तो फोन जागा व्हायला वेळ लागला. प्रीतमनं त्यातले जुने निरोप बोटानं बरेच मागे सरकवत नेले आणि एका ठिकाणी दाबलं. दुकानात बाईंचा आवाज आला.

"प्रीतम, तुझा डबा आजपण अर्धा परत आला. कारलं होतं म्हणून ना? मला येडी समजतो का? उद्या शेपू हाय. तो टाकलास तर तुझ्या आईला फोन लावीन. आणि दोन दिस झाले खोकतोयस. रात्री हळद टाकून दूध घे."

बाबा स्टुलावर बसले. "परत लाव," ते म्हणाले.

प्रीतमनं परत लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा बाबा हसले. "कारलं मलाबी न्हाई आवडत. कवा बोललो न्हाई तिला."

"मी तरी कुठं बोललो? शेपू गपगुमान खाल्ला," प्रीतम म्हणाला.

बाबांनी मला त्याच्या हातात दिलं.

नंतरचं मला माहीत नाही, मित्रांनो. मी बंद झालो होतो. जागा झालो तेव्हा अंग हलकं होतं आणि समोर बाबांचा चेहरा होता. त्यांनी कॉलची यादी उघडली. तीनशे चाळीस होते. एकही कमी नव्हता. प्रीतमनं ते सगळे एका पेन ड्राइव्हवर उतरवले आणि तनुजालाही पाठवले. त्या दोन वर्षांपूर्वीच्या निरोपाची एक प्रत माझ्यातही आली. आता माझ्यात तीनशे एक्केचाळीस आहेत. जुनी फुगलेली बॅटरी प्रीतमनं वेगळ्या डब्यात ठेवली. अशी बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते.

आता मी फोटोसमोर नसतो. शिफ्टवरून आल्यावर बाबा मला वापरतात. माझी जागा पुन्हा ओट्याजवळच्या प्लगपाशी आहे. बाबा स्वतःचं जेवण स्वतः करायला शिकले आहेत. चटणी जमते, भाकरी अजून कडेला फाटते. मी ऐंशीच्या आसपास आलो की ते मला काढतात आणि म्हणतात, "ऊठ बाबा, चटणी वाटायचीय." मग मिक्सर लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना फोन असेल. त्याला रात्रभर चार्जरला ठेवू नका. विस्तवाजवळ, उन्हात ठेवू नका. महिन्यातून एकदा त्याला सपाट जागेवर ठेवून बघा, डुगडुगतो का. आकडा भराभर उतरतो का, तेही बघा. पडद्यावर 'चांगली' लिहिलं आहे म्हणून तिथेच थांबू नका. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला हवा आहे, तो आजच दुसऱ्या ठिकाणीही ठेवा. मला उशिरा का होईना, पेट घ्यायच्या आत नेलं. जिच्या हळदीच्या हातांनी मी वाढलो आणि ज्यांनी मला जपलं, त्या दोघांचा मी ऋणी आहे.

कॉल साठवण्याची ती सोय माझ्यात अजून चालू आहे. तनुजा रोज संध्याकाळी फोन करते.

"आबा, बरे आहात ना?"

"बरा हाय. मला काय होतंय?"

"मग धाप का लागलीय?"

"जिना चढून आलो आत्ता."

आमचा जिना अकरा पायऱ्यांचा आहे. मागच्या महिन्यात ते मध्ये एकदा थांबायचे. आता दोनदा थांबतात. तनुजा घरी आली तेव्हा तिनं तो कॉल माझ्यातून दोनदा ऐकला आणि चाकणमधल्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. वेळ मागच्या सोमवारची होती. त्या दिवशी बाबा कंपनीत गेले. तिनं पुन्हा वेळ घेतली, ती चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली ठेवली आहे.

माझी तपासणी झाली. त्यांची अजून राहिली आहे.