टाउन हॉलची गोगलगाय

आमच्या कार्वन गावात टाउन हॉलच्या दारातल्या गोगलगाईवर हात ठेवल्याशिवाय कुणाचं लग्न लागत नाही. कायद्याने लागतं म्हणा, पण कायद्याला इथे विचारतो कोण. दाराच्या उजव्या अंगाला चुनखडीच्या दगडात ती रुतून बसली आहे, ताटाएवढी, इथे समुद्र होता तेव्हापासूनची, स्वतःच दगड होऊन गेलेली. नवरानवरीने आधी तिच्यावर हात ठेवायचा आणि मग आत जाऊन सह्या करायच्या.

माझं पहिलं लग्न विनिपेगला झालं. तिथे गोगलगाय नव्हती, आणि वादळाने रस्ते बंद पडल्यामुळे आईही पोचली नाही. ते लग्न पुढे कसं आपटलं ते गावाला तोंडपाठ आहे. म्हणून साठी उलटल्यावर सिगुर्जोनशी जमलं, तेव्हा मला एकच हवं होतं. या वेळी आई शेजारी उभी हवी.

नेमकं त्याच हिवाळ्यात टाउन हॉलच्या दुरुस्तीचं काम निघालं. दर्शनी भिंतीचे दगड उतरवून बर्फावर कर्लिंग खेळायच्या रिंकमागच्या शेडमध्ये नेले आणि इमारतीला पांढरी ताडपत्री गुंडाळली. एवढा देखणा आमचा टाउन हॉल, दात काढून आणलेल्या म्हाताऱ्यासारखा तोंड झाकून बसला.

"गोगलगाय नाही, तर मीही नाही," आई म्हणाली.

"अगं, भिंतच जागेवर नाहीये."

"मग उन्हाळ्यात करा. मी नव्वदीची थांबते, तुला कसली घाई? दिवस गेलेत का?"

सिगुर्जोन तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बटाटा भरून उकडलेल्या पेरोगी खात होता. आइसलँडी माणूस, गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली जाळी टाकणारा, वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा. त्याने ताटली पुसून खाल्ली आणि टोपी घातली.

"आणतो," तो म्हणाला.

"काय आणतोस?"

"दगड."

कामावरचा मुकादम रेजाँ क्युबेकचा. त्याने आधी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, गावाची भिंत आहे ती. फ्रिज आहे का उचलून न्यायला?" सिगुर्जोनने त्याच्यासमोर धुरावर सुकवलेल्या माशांचं पुडकं ठेवलं. रेजाँने ते हुंगलं, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाला, "दाराजवळचे दगड त्या कोपऱ्यात आहेत, गोगलगाई बऱ्याच आहेत त्यांत. एक ओरखडा जरी पडला, तर तुझी कातडी लावीन भिंतीला."

दगड घोंगडीत गुंडाळून, घसरगाडीवर बांधून, स्नोमोबाइलने ओढत सिगुर्जोन आमच्या दारात आला. बाहेर उणे तीस. मिशांना बर्फ लोंबत होता. आई जाड कोट घालून बाहेर आली, हातमोजा काढला आणि गोगलगाईवरून सावकाश बोटं फिरवली.

"ही नाही."

"आई, बघा ना, हात लागून लागून गुळगुळीत झालीये," सिगुर्जोन म्हणाला.

"आई म्हणू नकोस, अजून झाले नाहीये. लोक ढुंगण टेकून उभे राहतात तिथे, त्याने झाली असेल. आपली याहून मोठी."

तो गेला. दुसरा आणला. आई म्हणाली, हिचं तोंड भलतीकडेच आहे. तो पुन्हा गेला आणि तिसरा घेऊन आला. त्याचे कान पांढरे पडले होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"म्हातारे, तुझ्या बोटांना काही कळतंय का?" मी म्हणाले. "माणूस मारशील माझा, लग्नाआधीच."

सिगुर्जोन मला बाजूला सारून म्हणाला, "चौथा आणू का?"

आईने त्याच्या पांढऱ्या कानांकडे बघितलं. मग हातमोजा चढवला. "नको. पण तिन्ही टाउन हॉलच्या दारात मांडा. उगाच शंका नको."

शनिवारी ताडपत्रीसमोर तीन घसरगाड्या ओळीने उभ्या राहिल्या. आम्ही दोघांनी तिन्ही गोगलगाईंवर हात ठेवले. आई माझ्या कोपराला धरून उभी होती. मला रडू आलं, ते पापण्यांवरच गोठलं, आणि इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. नंतर रिंकमध्ये जेवण झालं. त्याच्या बहिणीने केलेला सात थरांचा केक खाऊन आई म्हणाली, "एवढे थर लावले, आणि आत शेवटी आलूबुखारच." पण दोन तुकडे खाल्ले.

मे महिन्यात भिंत उभी राहिली. आईला चाकांच्या खुर्चीवर बसवून आम्ही बघायला नेलं. दगड कसे धुऊन निघाले होते. दाराच्या उजव्या अंगाला रेजाँने गोगलगाय जिथल्या तिथे बसवली होती. आईने हात ठेवला. मी वाकून बघितलं. गुळगुळीत.

"आई, ही तर पहिली आणलेली."

"मग. तुझ्या बापाबरोबर हात ठेवलाय हिच्यावर. मी हिला ओळखणार नाही होय?"

"मग त्याला परत कशाला पाठवलंस, त्या थंडीत?"

"तुझा पहिला नवरा कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं तर उद्या म्हणायचा. हा किती वेळा जातो, ते बघायचं होतं."

सिगुर्जोन खुर्चीमागे उभा होता. त्याने घसा खाकरला.

"चौथ्यांदाही गेलो असतो, आई."

"ठाऊक आहे, जावईबापू," आई म्हणाली. "म्हणून तर थांबवलं. ढकला आता खुर्ची."