बिनप्लगची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी वाळवणपेटी आहे. वर काच, आत काळा पत्रा आणि जाळीचे कप्पे. ऊन काचेतून येते, हवा तापते, ओल निघून जाते. मला वीज लागत नाही. हे आधीच सांगते, कारण माझी सगळी कटकट इथूनच सुरू झाली.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या एका संशोधन केंद्राने आणि नंदुरबारजवळच्या एका गावातल्या बायकांच्या मिरची गटाने मिळून मला घडवायचे ठरवले. त्या बायका मिरची जमिनीवर वाळवत. धूळ बसे, बुरशी येई, व्यापारी पडेल भावात माल उचले. लंडनच्या हाउन्सलो भागात मसाल्याचे दुकान चालवणाऱ्या वरदाताईंनी त्यांना शब्द दिला होता: यंदा स्वच्छ मिरची आली तर थेट तुमच्याकडून घेईन, नाहीतर दुसरीकडे बघेन.

हंगाम जवळ आला, तरी मी कॉव्हेंट्रीतच!

केंद्राचा नियम असा, की प्रत्येक यंत्राची विद्युत तपासणी व्हावी आणि प्लगवर हिरवे स्टिकर लागावे. त्याशिवाय यंत्र दाराबाहेर न्यायचे नाही. मला बनवणारी इंजिनिअर धम्मशीला वैतागली.

"प्रणय, हिला वायरच नाहीये. तपासणार काय?"

"आय नो," प्रकल्पप्रमुख प्रणय म्हणाला. "पण सिस्टीममध्ये 'प्लग नाही' असा ऑप्शनच नाही. एक लावून टाक ना."

मला प्लग लागला. स्टिकर मिळाले. पाहुणे येऊन माझ्याबरोबर फोटो काढू लागले. मग कुणाला तरी सुचले, प्लग आहेच तर हीटरही बसवू. इथल्या ढगाळ हवेत चाचणीचे आकडे बरे येतील. आकडे फारच बरे आले. ते हीटरचे होते! हीटर आला म्हणून पंखा आला, पंखा आला म्हणून पुन्हा तपासणी.

एके दिवशी मिरची गटाच्या यमुनाताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"ताई, तोडणी सुरू झाली. पेटी कुठंय?"

"यमुनाताई, फक्त एक टेस्ट राहिलीय," धम्मशीला म्हणाली.

"मागच्या महिन्यात पण एकच राहिली होती. दर महिन्याला विते का काय तुमची टेस्ट?"

मागे बायका हसल्या. यमुनाताई हसल्या नाहीत. "पहिली तोडणी जमिनीवर पडलीय. दुसरी पण तशीच गेली, तर वरदाताई हातच्या गेल्या."

धम्मशीलाने फोन तसाच टेबलावर उभा केला आणि माझा हीटर, पंखा, प्लग सगळे काढून टाकले.

"अगं, स्टिकर गेलं! आता ती बाहेर जाऊ शकत नाही," प्रणय म्हणाला.

"ती नाही जात. मापं जातात."

ती एकेक माप मोठ्याने सांगू लागली. तिकडे यमुनाताईंनी बोलावलेला गावातला वेल्डर खडूने फरशीवर आखू लागला. प्रणयने येऊन टेपचे दुसरे टोक धरले.

गावात पेट्या झाल्या. दुसरी तोडणी त्यांच्यात वाळली आणि वरदाताईंनी ती घेतली. पहिली मात्र पडेल भावातच गेली. ती वाचवता आली असती.

मित्रांनो, कुणासाठी काही बनवाल, तर त्यांचा हंगाम कधी येतो ते आधी विचारा. मी मात्र अजून कॉव्हेंट्रीच्या केंद्रातच आहे, बिनस्टिकरची. माझी काळजीच घ्यायची असेल, तर रोज फडक्याने पुसू नका. आज बाहेर लख्ख ऊन पडले आहे. मला दारातून बाहेर काढा!