सीटखालचा नारळ

मी एक जुनी, पांढरी, लहानशी मोटार आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. शर्यतीत धावलेली गाडी म्हटलं की तुम्हाला वाटेल, काय तिचा रुबाब असेल! छे हो. फतेगंजच्या पुलावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की अजून माझ्या छातीत धस्स होतं. पण जी खरी भीती मी पाहिली ती ट्रकची नव्हती. ती एका नारळाची होती. हसू नका, ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा मी स्वतःच्याच आवाजाला दचकले, एवढंच आठवतं. पुढे बडोद्याला आले आणि गोत्रीतल्या एका सोसायटीत रघुनाथरावांच्या घरची झाले. रघुनाथराव रिफायनरीत नोकरीला होते. त्यांचा हात फार मऊ. गिअर टाकतानासुद्धा मला विचारून टाकतात की काय असं वाटायचं. ते नेहमी म्हणायचे की गाडी पळवणं कुणालाही जमतं, ती वेळेवर थांबवता आली पाहिजे. मला ते बोलणं मनापासून पटायचं.

त्यांच्या पत्नी नीराबाई दसऱ्याला माझी पूजा करायच्या. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मग घरात आपट्याची पानं वाटायची आणि सगळ्या बडोद्यासारखा आमच्याकडेही फाफडा-जिलेबीचा पुडा यायचा. नीराबाईंची आणखी एक रीत होती. लांबच्या प्रवासाला निघताना त्या लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायच्या. सगळे सुखरूप घरी आले की तोच नारळ दारात वाढवायचा आणि खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवायचा. पावागड, नाशिक, कोल्हापूर, कुठेही जा, नारळ सीटखाली असायचाच. तिथे जाड गालिचा होता, त्यावर गोणपाट आणि जॅक. त्यांच्या मधोमध नारळ गुपचूप बसून राहायचा. रस्त्यात कितीही खड्डे येवोत, तो जागचा हलायचा नाही. खरं सांगते, मलाही त्याचा आधार वाटायचा.

त्यांची मुलगी अवंती माझ्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली. मग ती अलकापुरीतल्या एका ऑफिसात नोकरीला लागली, घरात नवी मोठी गाडी आली आणि मी पाण्याच्या टाकीमागे कव्हर पांघरून उभी राहिले. कबुतरांनी काय करायचं ते केलं. मुलांचा क्रिकेटचा चेंडू मला रोज एकदा तरी लागायचा. पण या कशाचं मला वाईट वाटलं नाही. भंगारवाल्याच्या हाकेची मात्र मला धास्ती होती. ती हाक गेटापाशी आली आणि पुढे गेली, की मग कुठे जीव भांड्यात पडायचा.

एका रविवारी अवंतीने कव्हर ओढलं आणि मला फडक्याने पुसायला लागली. मला वाटलं, झालं, विकणार. पण तिच्या मनात भलतंच होतं. शहरात हौशी लोकांचा एक मोटार क्लब होता. मोकळ्या आवारात रस्ता दाखवणारे प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, त्यातून एका वेळी एकाच गाडीने जायचं आणि घड्याळ लावायचं, अशी त्यांची शर्यत असे. महागडी गाडी नसली तरी चालायचं. अवंतीला त्यात उतरायचं होतं आणि तिच्या पगारात परवडणारी गाडी मी एकटीच होते. भंगार किंवा शर्यत! आता सांगा, माझ्यासारखीने कुठे जायचं?

नीराबाईंनी त्या दिवशी जेवणच केलं नाही. पोरीने आपल्या पायांनी जाऊन जीव धोक्यात घालायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या का, असं त्यांचं म्हणणं.  रघुनाथरावांनी मात्र माझी किल्ली अवंतीच्या हातात दिली आणि एकच अट घातली. इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक.

अवंतीचा कॉलेजातला मित्र धवल फतेगंजला गॅरेज चालवत होता. त्याचंही तेच मत पडलं. ऑफिसातल्या निहारने तिच्या डोक्यात भरवलं होतं की मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लाव आणि अंगभर पट्टे चिकटव. धवल हसला. म्हणाला, "आवाजथी गाडी नथी दोडती, बेन." त्याने ब्रेकचे पॅड बदलले, ब्रेकचं तेल नवं भरलं, चांगले टायर चढवले, ड्रायव्हरच्या सीटला मजबूत पट्टे बसवले. हेल्मेट मात्र अवंतीने कोरंच घेतलं. बाकी सगळीकडे काटकसर चालेल, डोक्याच्या बाबतीत नाही, असं धवलने तिला बजावलं होतं.

मग त्याने माझं वजन कमी करायला घेतलं, कारण तेवढं एक फुकटात होतं. मागची सीट निघाली. जादा चाक निघालं. गालिचा, गोणपाट, पायपुसणी, सगळं निघालं. आत उघडा पत्रा तेवढा राहिला. मला फार लाजल्यासारखं झालं. काम करताना धवलच्या हातून एक नट निसटला आणि पत्र्यावरून खडखडत पार मागे गेला. तो आवाज मला मुळीच आवडला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही शहराबाहेर एका बंद कारखान्याच्या आवारात गेलो. सगळे आले होते. नीराबाईसुद्धा. घरी बसून वाट बघणं त्याहून वाईट, असं त्या म्हणाल्या. सकाळी क्लबच्या माणसांनी प्रत्येक गाडी तपासली. आत एकही सुटी वस्तू राहता कामा नये, असा त्यांचा कडक नियम होता. त्यांनी माझ्या सीटखाली हात घालून पाहिला आणि मान डोलावली.

पहिल्या फेरीला मी थरथरत उभी राहिले. झेंडा खाली आला आणि अवंतीने मला सोडलं. मित्रांनो, काय सांगू! शंकूंच्या मधून डावीकडे, उजवीकडे, पिंपाला वळसा, मग सरळ लांब पट्टा आणि शेवटी चुन्याने आखलेली चौकट. त्या चौकटीत गाडी पूर्ण थांबवायची. अवंतीने ब्रेक दाबला आणि मी बरोबर चौकटीत थांबले. त्या घटकेला, आयुष्यात पहिल्यांदा, मी भ्यायचं विसरून गेले होते. रघुनाथरावांनी माझ्या टपावर थाप मारली.

नीराबाईंनी मात्र ती फेरी पाहिलीच नव्हती. डोळे घट्ट मिटून त्या दोराच्या कडेला उभ्या होत्या. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडून सावलीत बसले, तेव्हा त्या एकट्या माझ्याकडे आल्या. इकडे तिकडे पाहिलं, दार उघडलं आणि पिशवीतून लाल फडकं काढलं. दसऱ्याच्या पूजेतला नारळ होता तो. त्यांनी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला, नेहमीसारखा सीटखाली ठेवला आणि हात जोडून पुटपुटल्या, "तिला सुखरूप परत आण. घरी गेल्यावर तुला वाढवीन."

त्यांनी दार लावलं तेवढ्या धक्क्याने नारळ थोडासा हलला. गालिचा नव्हता. गोणपाट नव्हतं. अहो, माझे हातपाय गळाले म्हणायला मला हातपायही नाहीत! पण तो नारळ कुठे जाणार ते मला स्पष्ट दिसलं. गाडी पळाली की तो मागे जाणार आणि ब्रेक लागला की पुढे येणार. पुढे म्हणजे अवंतीच्या पायात. मला ओरडावंसं वाटलं. पण मला आवाज कुठला? हॉर्न आहे, तो माणसाने दाबला तर वाजतो. आणि आता पुन्हा तपासणी होणार नव्हती.

दुसऱ्या फेरीला अवंती आत बसली, पट्टे आवळले, किल्ली फिरवली. मी सुरूच झाले नाही. भीतीने म्हणा, मुद्दाम म्हणा, मी नुसती खोकत राहिले. वाटलं, आता ढकलून बाजूला करतील, कुणीतरी आत वाकेल, सीटखाली बघेल. धवल धावत आला, बॉनेट उघडून एक वायर घट्ट केली आणि म्हणाला, "कशुं नथी. थई जशे." काही नाही, होऊन जाईल म्हणे. आणि झालंच. मी सुरू झाले. एवढा धीर त्याने नको त्या वेळी दिला.

झेंडा पडला. शंकूंच्या मधून जाताना नारळ सीटखाली या कडेवरून त्या कडेवर आपटत होता. अवंतीने मान जराशी तिरकी केली. तिला वाटलं असेल, जुनी गाडी आहे, काहीतरी वाजतंय. पिंपापाशी तिने ब्रेकला हलका पाय लावला तेव्हा नारळ पुढे आला आणि तिच्या टाचेला लागला. थांब ग, खाली बघ, असं मी मनात आक्रोश करत होते. पण वळण संपलं, तिने मला जोरात पळवलं आणि नारळ पुन्हा मागे गेला. समोर लांब पट्टा होता. पट्ट्याच्या शेवटी चौकट, चौकटीपलीकडे टायरांचा ढीग आणि डाव्या हाताला दोर. दोरामागे माणसं उभी होती. सगळ्यांच्या पुढे नीराबाई होत्या. या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते.

चौकट जवळ आली. अवंतीने वेग सोडला. नारळ घरंगळत पुढे आला आणि तिने ब्रेकवर पाय दिला त्याच क्षणी पेडलखाली जाऊन बसला.

पेडल थोडंसं गेलं आणि अडलं. तिने सगळा जोर लावला. ते हललं नाही. चौकट मागे गेली. मी माझ्या चाकांना धरून ठेवायचा प्रयत्न करत होते, पण ब्रेक लागल्याशिवाय मी काय करणार? तिने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, दोरापासून लांब, गिअर खाली आणला आणि हँडब्रेक खेचला. बापाने शिकवलेलं सगळं एका दमात केलं. मी आडवी होत टायरांच्या ढिगात घुसले. माझा डावा दिवा फुटला, बंपर मोडला. पायापाशी कडकन आवाज झाला. मग सगळं शांत.

माझ्या पत्र्यावरून काहीतरी ओलं वाहत होतं. पेट्रोल की रक्त, मला कळेना. इतकी मी कधीच भ्याले नव्हते. मग अवंतीचा हात खाली गेला आणि ओलं लाल फडकं घेऊन वर आला. त्यात करवंटीचे तुकडे होते. तिने एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा धावत येणाऱ्या आईकडे पाहिलं आणि फडकं झटकन पट्ट्याखाली लपवलं.

माणसं जमली. अवंतीचा पाय मुरगळला होता, बाकी ती धड होती. क्लबचा एक माणूस चिडून म्हणाला की अशा म्हाताऱ्या गाड्यांचे ब्रेक स्वस्तात करून आणले की हे होणारच. धवलच्या तोंडचं पाणी पळालं. तो माझ्या चाकांपाशी बसून ब्रेकच्या नळ्या चाचपायला लागला. अवंती म्हणाली, ब्रेक चांगले होते, माझाच पाय चुकला. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

नीराबाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांना पत्र्यावरचं पाणी दिसलं. खोबऱ्याचा एक पांढरा तुकडा दिसला. त्यांनी वाकून तो उचलला आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं.

"तिचा पाय नाही चुकला," त्या म्हणाल्या. "धवल, तुझे ब्रेकही नाही. नारळ मी ठेवला होता."

 रघुनाथरावांनी खाली पाहिलं. धवल उठला आणि तेल लागलेल्या हातांनी त्यांना आधार देत म्हणाला, "मासी, बेसी जाव." त्या बसल्या नाहीत. त्यांनी पत्र्यावरचा एक एक तुकडा वेचला, पदरात बांधला आणि घरी आल्यावर तुळशीच्या कुंडीत पुरला. त्या दिवशी खोबरं कुणाच्या हातावर पडलं नाही. मी पुन्हा टाकीमागे उभी राहिले आणि मला वाटलं, आता भंगारवाल्याची हाक गेटापुढून पुढे जाणार नाही.

मित्रांनो, तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या गाडीत काही ठेवायच्या आधी, आत काय सुटं आहे ते बघा. पाण्याची बाटली असो, खेळणं असो, देवाचं काही असो. त्या बिचाऱ्या नारळाच्या मनात वाईट नव्हतं आणि ठेवणाऱ्या हातात तर नव्हतंच नव्हतं. पण वेगाला माया कळत नाही. आणि जुनी गाडी मधूनच खोकली तर चिडू नका हो. एकदा वाकून बघा.

अवंतीचा पाय बरा झाला. धवलने मला दुसऱ्या गाडीचा दिवा बसवला, तो जरा पिवळसर आहे. आम्ही पुन्हा शर्यतीला जातो. नारळ आता देवघरात असतो आणि आम्ही परत आलो की दारात वाढतो. मी अजून भिते. पण प्रत्येक फेरीच्या आधी, क्लबची तपासणी होऊन गेल्यावरसुद्धा, नीराबाई येतात. पदर खोचून धुळीत गुडघे टेकतात आणि माझ्या सीटखाली पार कोपऱ्यापर्यंत हात फिरवतात. त्यांचा हात थंडगार असतो. त्याही भितात, मला कळतं ते. पत्रा रिकामा लागला की त्या हात बाहेर काढतात आणि लेकीकडे बघतात.

"काही नाही," त्या म्हणतात. "जा."