पाण्याला शिवायची परवानगी

शिंपीणबाईंच्या परसामागे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचं तोंड होतं, आणि त्यातून रात्रंदिवस तांबडं पाणी वाहायचं. धुकं उतरलं की वाटायचं, डोंगरच झोपेत काहीतरी पुटपुटतोय. खाणीत पाणी घुसलं त्या दिवशी बाईंचे यजमान आत राहिले ते राहिलेच. मालकांनी काखा वर केल्या, खाण बंद झाली, पाणी तेवढं मागे उरलं.

त्या पाण्याला गावात कुणी शिवत नसे. जुना कायदाच तसा होता. जो कुणी ते साफ करायला जाईल त्याच्या गळ्यात अख्खी खाण पडणार. उद्या खाली नदीत मासे मेले तरी दोष त्याचाच. म्हणजे घाण करणारे मोकळे आणि झाडू हातात घेणारा गुन्हेगार. असला कायदा करायलाही डोकं लागतं. हळूहळू ती भीती लोकांच्या पायांत मुरली. म्हातारीकोतारी माणसंसुद्धा कपडे सावरून ओहोळावरून उडी मारत.

मग नवा कायदा आला. आराखडा मंजूर करून घेऊन गावकऱ्यांनी चांगल्या मनाने पाणी साफ केलं, तर जुन्या पापाचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटणार नाही, असं त्यात होतं. बाईंचे धाकटे दीर पूर्वी खाणीत पंप चालवायचे. त्यांनी माणसं जमवली. खाणीच्या तोंडापासून चर खणायचा, त्यात चुनखडीचे दगड भरायचे, त्यावरून आलेलं पाणी पुढे तळ्यात थांबवायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. पण तिथे जायची वाट बाईंच्या परसातून होती, आणि बाई काही हो म्हणेनात.

दिरांना वाटलं, वहिनींना परसातल्या भाजीची काळजी. खरं कारण बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी शिलाई मशीनवर डुलकी लागली की हे यायचे. दारात उभे राहायचे, तांबडे, निथळत, आणि म्हणायचे, गारठलोय गं. बाई लगबगीने उठायच्या, तेवढ्यात जाग यायची. या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला हे आहेत, याबद्दल बाईंना शंका नव्हती. पाणी साफ केलं तर यांची यायची वाटच पुसली जाणार. आणि नाही केलं, तर हे असेच कुडकुडत येत राहणार. बाईंचा जीव दोन्हीकडून तुटायचा.

एक दिवस दीर जेवता जेवता सहज म्हणाले, "वहिनी, दादा असता तर पहिलं फावडं त्यानेच मारलं असतं." ते खरंच होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी परसाचं फाटक उघडून दिलं.

चर तयार झाला आणि कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी पाणी सोडलं, तर पाण्याने चुनखडीला वळसा घातला आणि कडेने खुशाल निघून गेलं. सगळे हबकले. आराखडा बरोबर, दगड बरोबर, मग घोडं अडलं कुठे? दिरांनी विचारलं, तोंडाशी पाण्यात उतरून तळ कुणी पाहिला होता? कुणीच नाही. सगळी मापं काठावरून, लांब काठीने घेतलेली. माणसं रबरी बूट घालून काठावर उभी होती. कायदा बदलला होता, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. आताही कुणाचं पाऊल पुढे पडेना.

बाई गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन बाहेर आल्या, चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या. दीर बूट तरी घाला म्हणत राहिले. बाई पायाने चाचपत गुडघाभर पाण्यात गेल्या. डावीकडे पाण्याखाली खडकाचा उंचवटा आहे, त्यानेच पाणी फिरतंय, तेवढा फोडा, असं त्यांनी सांगितलं. काम झालं होतं, तरी त्या बाहेर येईनात. दिरांनी हात पुढे केला.

"भावजी, हे पाणी कोमट आहे."

"खोलातलं पाणी ना, वहिनी. वर कितीही गारठा पडू दे, आत बारा महिने तेवढीच ऊब असते."

"मग हे थंडीत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

दिरांना क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं. त्यांनी काठावर बसून बूट काढले, आणि दादाच्या पाण्यात तेही उतरले.