बुकित बातोकचा बँडमास्तर

"थांबा, थांबा," क्लाइव्ह म्हणाला आणि गाणं चौथ्यांदा बंद पडलं. "मीनल, अजून अर्धा सूर खाली घे."

माझ्या कीबोर्डला एक बटण आहे. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर चालतात, सूर मात्र खाली उतरतो. गेल्या दीड वर्षात मी ते बटण किती वेळा दाबलं असेल, देव जाणे.

"आणखी खाली घेतलं तर पाणबुडीत बसून गावं लागेल," सेंग ड्रमच्या मागून म्हणाला. सगळे हसले. क्लाइव्हही हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. तोंडावर रुमाल धरून तो खिडकीपाशी गेला.

"एसी," परत येत तो म्हणाला. "या हॉलच्या एसीनं माझा घसा खाल्लाय."

पण त्या दिवशी एसी बंद होता.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, सेंगचं तर अर्धं सिंग्लिशमध्ये, म्हणजे इथल्या सिंगापुरी इंग्रजीत. मी ते माझ्या भाषेत सांगते आहे. ऐंशीच्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं, असा प्रश्न मला मराठीत पडला असता. पण बँडमध्ये सगळे त्याला नुसतं क्लाइव्हच म्हणायचे.

क्लाइव्ह पेन हे स्टेजवरचं नाव, मूळचा क्लाइव्ह पेनहॅलो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या एका कोळ्यांच्या गावात जन्मला. वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. विसाव्या वर्षी त्यानं चार मित्र जमवून बँड काढला आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्यांचं एक गाणं तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. नववा नंबर, दोन आठवडे. पोरी गाडीच्या काचांवर लिपस्टिकनं नावं लिहायच्या म्हणे. त्यानंतरची सहा गाणी कुणी ऐकली नाहीत. मित्रांपैकी एक शाळामास्तर झाला, एक विमा विकू लागला. क्लाइव्ह गात राहिला. समुद्रकाठच्या हॉटेलांत, जहाजांवर, लोकांच्या लग्नांत. १९७४ मध्ये त्याला सिंगापूरच्या एका हॉटेलात तीन महिन्यांचं काम मिळालं. ते हॉटेल आता नाही. क्लाइव्ह आहे.

त्या हॉटेलात रोझलिन टेलिफोन ऑपरेटर होती. तिच्यासाठी तो राहिला, इथलाच नागरिक झाला. पुढे कराओकेची लाट आली आणि हॉटेलांनी बँड काढून टाकले. मग तो मुलांना गिटार शिकवायचा. रोझलिन जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. बुकित बातोकला आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर तो एकटा राहायचा, आणि दर शनिवारी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये बँड जमवायचा. 'लाइटहाउस बॉइज'. त्यातली एक मी, बॉय नाही, एका मुलीची आई.

मी मिरजेची. वडील पेटी शिकवायचे. नवऱ्याच्या, परेशच्या नोकरीमुळे इथे आले. तो जहाजांच्या इंजिनांची देखभाल बघतो, महिन्यातले दहा दिवस बाहेर. नवऱ्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर मला नोकरी करता येत नाही. क्लाइव्हच्या बँडमध्ये कुणाला पैसेच मिळत नसल्यामुळे तिथे मला कुणी अडवलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यानं माझी पेटी लिफ्टपर्यंत ऐकू येते म्हणून दार वाजवलं होतं. मला वाटलं तक्रार घेऊन आला, तर तो बँडमध्ये बोलवायला आला होता.

त्या खोकल्यानंतरच्या आठवड्यात मी त्याला धरूनच तपासणीला नेलं. तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई शांतपणे बोलत होत्या, कागदावर गळ्याचं चित्र काढून. कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून. बोलायला नंतर शिकवतील, आवाज वेगळा असेल. पुढच्या गुरुवारची तारीख होती, आणि उशीर करू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

क्लाइव्हनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिट्टी?"

"सॉरी?"

"शिट्टी वाजवता येईल?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. नाही.

बाहेर त्यानं फॉर्म भरला. जवळचे नातेवाईक या रकान्यात माझं नाव लिहिलं, मला न विचारता, आणि पेन खिशात टाकून चालायला लागला. "बँडमध्ये कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "क्लबमधला आपला नाचाचा शो सात आठवड्यांवर आलाय. शो करतो, मग बघू ऑपरेशनचं."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. बहिरा नाहीये मी अजून."

त्या आठवड्यात तो एका जागी बसला नाही. सकाळी माझी मुलगी ईशा मला उठवायला यायची. "ममा, अंकल क्लाइव्ह अगेन. दारात उभे आहेत. नॉट ईव्हन सेव्हन थर्टी, लाह!" हातात गाण्यांची नवी यादी. दुपारी त्या यादीवर काट मारून दुसरी. आपले चमकीचे दोन कोट त्यानं सेंगला देऊन टाकले आणि संध्याकाळी जाऊन परत आणले. एकदा त्याचा फोन आला तो बिशानच्या मेट्रो स्टेशनवरून. तिथे काय करतोस, म्हटलं, तर म्हणाला, "काही नाही. एमआरटीत बसलो होतो. उतरलो. आता परत बसतो." त्याच्यामुळे मलाही चैन पडेना. भाजी चिरता चिरता मी गॅलरीत जाऊन खाली बघायची, तो दिसतोय का.

परेश त्या बुधवारी घरी आला होता. मी त्याला फॉर्मचं सांगितलं.

"तुझं नाव? मीनल, उद्या त्याचं काही कमीजास्त झालं तर आपल्याला फोन येणार."

"येऊ दे की."

"येऊ दे काय? आपण इथे पासवर राहतो. तू कोण लागतेस त्याची?"

"त्याचं कुणीच नाहीये रे."

परेश बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला, "इंजिन तापलेलं दिसत असताना पुढच्या बंदरापर्यंत रेटणारे कॅप्टन मी पाहिलेत. त्याला सांग, शो वगैरे राहू दे."

"मी सांगून झालंय. तो ऐकत नाही."

"मग ज्याचं ऐकेल त्याला सांग."

मी सेंगला सांगितलं. दिलेला शब्द मोडला, त्याचं मला अजून बरं वाटत नाही. सेंग चौऱ्याहत्तरचा. आयुष्यभर बस चालवली, आणि एकतीस वर्षं क्लाइव्हच्या मागे बसून ड्रम वाजवले. माझं ऐकून तो एवढंच म्हणाला, "तो मरायला तयार असेल. गप्प बसायला नाही."

शनिवारच्या तालमीत क्लाइव्हनं त्याचं ते जुनं गाणं घेतलं. धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या मुलीचं. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकला आणि मग नुसती हवा आली. मी वाजवत राहिले. सेंगनं काठ्या खाली ठेवल्या.

"गुरुवारी तू हॉस्पिटलात जा," तो म्हणाला.

क्लाइव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांकडे पाहिलं.

"आणि शो? कोण गाणार? तू?"

"कुणी नाही गाणार. नुसतं वाजवू."

"गाणारा नसलेला बँड! लोक काय खुर्च्यांशी नाचतील?"

"लोकांना नाचायचंच असतं," सेंग म्हणाला. "हे बघ, मी चौऱ्याहत्तरचा आहे. मला आता नवा बँडमास्तर नकोय. तू गायला नाहीस तर चालेल मला. तू समोर उभा नसलास तर मी कुणाकडे बघून वाजवू?"

क्लाइव्हनं हॉलला दोन चकरा मारल्या. रचून ठेवलेल्या खुर्च्यांचा ढीग उगाचच सरळ केला. एक खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग माझ्यापाशी येऊन कोरडेपणानं विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"सात."

"आणि ते बटण मला दिसत नाही असं समजू नकोस. मी सांगायच्या आधीच तू खाली घेतेस. वर्षभर बघतोय."

गुरुवारी टॅक्सीत तो सारखा बोलत होता. तिसरं गाणं घाईत घेऊ नका. गिटारवाल्याला शेवटी लांबवू देऊ नका. रोझलिनला फोनवर नंबर सांगताना ऐकलं तेव्हा तिनं नऊ हा आकडा कसा म्हटला होता. वडिलांनी एकदाच त्याचं गाणं रेडिओवर ऐकलं आणि इंजिनात काहीतरी घासतंय, असं म्हटलं होतं. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. मी हूं हूं करत होते.

वॉर्डाच्या दारात नर्सनं नाव विचारलं.

"क्लाइव्ह आर्थर पेनहॅलो," तो म्हणाला. तिनं लिहून घेतलं. तिला नीट ऐकू आलं होतं. तरी त्यानं पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर मोकळं करत, "क्लाइव्ह. आर्थर. पेनहॅलो."

त्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं.

शो ठरल्याप्रमाणे सहाएक आठवड्यांनी, रविवारी दुपारी झाला. त्याआधी क्लाइव्ह अठरा दिवस हॉस्पिटलात होता. परेशनं त्याच्यासाठी पातळ खिमट करून डब्यातून नेलं होतं, तेही मला न सांगता. शोच्या दिवशी क्लाइव्ह चमकीचा निळा कोट घालून आला. गळ्याभोवती रेशमी रुमाल, त्याच्याआड छिद्राची जाळी. वजन निम्मं झालं होतं. पण आल्या आल्या त्यानं स्पीकर दोनदा हलवायला लावले, माझं स्टूल मागे सरकवलं, गिटारवाल्याच्या पायातली वायर स्वतः वाकून चिकटवली. वहीत काहीतरी लिहून सगळ्यांना दाखवत सुटला. अक्षर इतकं घाईचं की कुणालाच वाचता येईना.

आम्ही आठ गाणी नुसती वाजवली. ज्येष्ठ जोडपी नाचत होती. बायका बायकांबरोबरही नाचत होत्या. क्लाइव्ह आमच्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा होता. हात खाली केला की आम्ही हळू. भुवई उचलली की गिटारवाला गप्प.

मग मागून कुणीतरी त्याच्या त्या जुन्या गाण्याची फर्माईश केली. आणखी दोघंतिघं म्हणाले. हॉल हळूहळू शांत झाला.

क्लाइव्ह वळला आणि सवयीनं माइकपाशी गेला. तिथे थोडा वेळ उभा राहिला. माझी बोटं पट्ट्यांवर नुसती टेकलेली होती. मग त्यानं माइकचा स्टँड दोन्ही हातांनी उचलला, वायर सोडवत सोडवत मागे नेला आणि ड्रमजवळ ठेवला. सेंग नको नको म्हणून हात हलवत होता. एकतीस वर्षं मागे बसून तो प्रत्येक शब्द ओठातल्या ओठात म्हणत आला होता. मला वाटायचं ते फक्त मलाच दिसतं.

क्लाइव्हनं स्टँडचा स्क्रू सैल केला, माइक बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत खाली आणला, स्क्रू घट्ट पिळला, हलत नाही ना ते बोटानं ढकलून पाहिलं. मग तो परत आमच्यासमोर येऊन उभा राहिला, हात वर केला आणि चार चुटक्या वाजवल्या.